पुलाच्या अलीकडे

वेलडाने शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बैठक मारली आणि कॉफीचा मग मांडीवर ठेवला. वर चढलेला लायल ब्रेके एका हाताने खांब धरून तसाच थांबला. दुसऱ्या हातात पाना होता आणि पाटीचा एक बोल्ट निम्मा सैल झाला होता.

"ऊठ तिथून," तो म्हणाला. "मला खाली यायचंय."

"ये की. उडी मार."

"वेलडा."

"पाटी होती तशी घट्ट कर. मग उठते."

लायलने वरून तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. राज्याच्या रस्ते खात्यात तो पाट्या लावायचं काम करत असे. केस्टर आणि आसपासच्या भागातली एकही पाटी अशी नव्हती की जिला त्याचा हात लागला नव्हता. लोकांशी बोलताना त्याचं अडायचं, पाट्यांवर मात्र काय लिहायचं ते खात्यातून ठरून यायचं, म्हणून हे काम त्याला मानवलं असावं.

मोठा हायवे आमच्या केस्टरला वळसा घालून जातो. गावाच्या पश्चिमेला त्याच्यातून एक रस्ता फुटतो, मुख्य बाजारातून, बँकेवरून, लुथरन चर्चवरून वेलडाच्या कॅफेपर्यंत येतो आणि पुढचा लोखंडी पूल ओलांडून नदीपलीकडे पुन्हा हायवेला मिळतो. म्हणजे मिळायचा. त्या रस्त्यावर ढालीच्या आकाराच्या हिरव्या पाट्या आहेत आणि त्यांच्यावर लिहिलंय 'लूप'. मोंटानातून जाणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. आत या, डिझेल भरा, खा, प्या, आणि तसेच पुढे निघून जा. सोमवारी खात्याने पूल बंद केला. खालच्या तुळयांना तडे गेले होते आणि नवा पूल बांधायला कोणी तयार नव्हतं. आता रस्ता वेलडाच्या अंगणाशी येऊन लोखंडी कठड्यावर संपत होता. अशा रस्त्याला लूप म्हणत नाहीत, 'स्पर' म्हणतात. स्परच्या नव्या पाट्या लायलच्या गाडीत पालथ्या पडल्या होत्या.

"स्पर वाचल्यावर कोण शहाणा आत शिरणार आहे?" वेलडा म्हणाली. "आलात तसे मागे फिरा, असंच ना ते?"

"तुझे रोल खायचे असतील तो शिरेल."

"दालचिनीच्या रोलसाठी कोणी हायवे सोडत नाही रे. लोक रस्त्यासाठी येतात. आलेच आहोत म्हणून खातात. एवढी वर्षं मी काय माझ्या हाताच्या चवीवर जगले असं वाटतं तुला?"

लायलला तसंच वाटत होतं.

"हरणांचा हंगाम होऊ दे," ती म्हणाली. "शिकारीवाले येऊन जाऊ देत. मग लाव तुझी स्पर. तेवढ्यावर माझा हिवाळा निघेल. नाहीतर या महिन्यातच कुलूप लावावं लागेल मला."

"मी हायवेच्या एक्झिटवर, गावाकडे वळतात तिथे, नारिंगी फलक लावलाय. 'पुढे पूल बंद.' लोकांना कळायचं ते कळतंच."

"मग झालं तर."

"पण त्या फलकासमोर तुझी जुनी पिकअप उभी आहे."

"बंद पडली."

"नेमकी तिथेच?"

"म्हातारी झालीय. कुठे बसावं तिला कळत नाही."

"आणि तिच्या मागच्या फळीवर लिहिलंय, 'गरम रोल, सरळ पुढे.'"

वेलडाने कॉफीचा घोट घेतला. "ते आधीपासून होतं," ती म्हणाली.

लायलला हसू आलं. ते दिसू नये म्हणून त्याने खांबाकडे तोंड फिरवलं. वेलडाच्या या उचापती गावाला नव्या नव्हत्या. तिचा नवरा गेला त्याच सुमारास खात्याने पूल वाचवायला ट्रकांसाठी वेगळा रस्ता काढला होता, धान्याच्या कोठारांमागून, गावाला न शिवता हायवेच्या मोठ्या पुलाकडे जाणारा. लोखंडी पुलावर अवजड वाहनांना बंदी आली. ट्रकवाले गेले की कॅफे बसणार हे उघड होतं. वेलडाने ट्रकवाल्यांचा रेडिओ आणून काउंटरवर ठेवला आणि मधाळ आवाजात सांगायला लागली, "पुलावर अडवायला कोणी नाही, पोरांनो. रोल आत्ताच भट्टीतून काढलेत." पोरं आली. गुरांनी भरलेले, बीटने भरलेले, लोखंडी नळ्यांनी भरलेले ट्रक त्या पुलावरून रडत-कुंथत गेले आणि वर्षानुवर्षं जात राहिले. शेरीफला माहीत होतं. त्यालाही रोल आवडायचे. सगळं गाव त्या गर्दीवर खूश होतं, कारण ट्रकवाला नुसता रोल खाऊन जात नाही, हातमोजे घेतो, औषधं घेतो, केस कापून घेतो.

बाजाराच्या बाजूने एक पिकअप भरधाव आली आणि कठड्यासमोर करकचून थांबली. तिच्यामागे घोड्याचा ट्रेलर होता. आतून लाथेचा धाडकन आवाज झाला.

गाडीतून पन्नाशीची एक बाई उतरली. टोपीखालचा चेहरा उन्हाने रापलेला होता. तिने कठडा पाहिला, पूल पाहिला आणि मग खांबावरच्या माणसाला पाहिलं.

"हे काय आहे?"

"पूल बंद आहे, बाई," लायल म्हणाला.

"पाटीवर लूप लिहिलंय तुमच्या! डिझेल संपत आलं म्हणून आत शिरले. भरलं आणि म्हटलं, पुढच्या पुढे नदी ओलांडते. माझ्या घोडीच्या पोटात कळा येताहेत. पलीकडे डॉक्टर वाट बघत उभा आहे."

वेलडा उठली. लायल भराभर खाली उतरला.

"एक्झिटवर फलक—" तो म्हणाला.

"कुठला फलक? एक खटारा उभा आहे तिथे, रोलची जाहिरात करत!"

वेलडाने तोंड उघडलं. लायलने तिच्याकडे न बघता बाईला सांगितलं, "चूक आमच्या खात्याची आहे. फलक दिसेल असा लावायला हवा होता. तुम्ही गाडीत बसा, मी ट्रेलर वळवून देतो."

"खात्याची! तुमच्या खात्याला घोडी नसते ना!"

रस्ता अरुंद होता. लायल मागे उभा राहून हात हलवत होता आणि वेलडा अंगणातली बाकं ओढून बाजूला करत होती. तिच्या फुलांच्या कुंडीवरून ट्रेलरचं चाक गेलं. ती पुढचं बाक ओढायला लागली. ट्रेलरच्या फटीतून घोडीचा श्वास ऐकू येत होता, जड आणि अडखळता, आणि मग आत काहीतरी भिंतीवर घसरत खाली गेल्यासारखा आवाज झाला. ती बाई खिडकीतून मागे बघत ओरडत राहिली, "उभी राहा गं! उभी राहा, बाळा!"

ट्रेलर एकदाचा वळला. तोवर वेलडा आत जाऊन कागदी पिशवीत रोल भरून घेऊन आली आणि तिने ती पिशवी खिडकीतून पुढे केली. बाईने पिशवीकडे पाहिलं, मग वेलडाकडे पाहिलं आणि काच वर केली.

धूळ बसल्यावरही वेलडा रस्त्यात उभी होती.

"वाचेल का?" तिने विचारलं.

"कोण जाणे."

"मागे जायचं, ट्रकांच्या रस्त्याने वळसा घालायचा, मग पूल. उशीर होणार."

"होणार."

तिने पिशवी बाकावर ठेवली आणि शेजारी बसली. चेहरा एकदम उतरला होता.

"पूल मीच मोडला, लायल," ती म्हणाली. "इंजिनियर येऊन काहीही सांगोत. मला माहितेय. मी त्या रेडिओवर बसून एकेकाला हाका मारल्या. कॅफे चालावं म्हणून हाका मारल्या आणि त्याच ट्रकांनी माझा रस्ता खाल्ला. रात्री झोप लागत नाही मला."

"सगळं स्वतःच्या अंगावर घेऊ नकोस."

"मग कोणाच्या अंगावर घालू?"

लायलने टोपी काढली आणि तिच्या आतल्या घामाच्या डागाकडे बघत राहिला. मग पुलाच्या तोंडाशी असलेल्या कॉटनवूडच्या झाडाकडे त्याने हनुवटीने खूण केली.

"त्या फांद्यांमागे एक पाटी आहे. वजनाची. अवजड वाहनांना बंदी."

"तिथे पाटी आहे?"

"मीच लावली होती. झाडामुळे दिसत नाही. दर उन्हाळ्यात मला हुकूम यायचा, फांद्या छाटा म्हणून. दर उन्हाळ्यात मी छाटल्या म्हणून सांगायचो."

वेलडाने वळून त्या फांद्यांकडे पाहिलं.

"नवे ट्रकवाले यायचे त्यांना बंदी आहे हे कळायचंच नाही," तो म्हणाला. "तुझ्या हाका ऐकून जुने यायचे. नवे माझ्यामुळे आले."

"का?"

लायलने खांदे उडवले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. या वयातही त्याला ते लपवता येत नसे.

"गर्दी असली की तू गुणगुणायचीस," तो म्हणाला. "नवरा गेल्यावर तू वर्षभर गप्प होतीस. मग ट्रक पुन्हा यायला लागले आणि एक दिवस तू कॉफी ओतताना गुणगुणलीस. मला वाटलं, राहू दे त्या फांद्या."

"आणि हे मला तू आज सांगतोयस?"

"आधी कधी सांगणार? कॅफेत पाय ठेवायला जागा नसायची. मी काउंटरशी उभ्यानेच रोल खायचो आणि निघायचो. तू म्हणायचीस, लायल, जरा सरक, मागे माणसं थांबलीत."

वेलडाला ते आठवलं. तसं ती खरंच म्हणायची, आणि एकदा नाही, रोज म्हणायची. तिला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की ती चिडली.

"मूर्खा," ती म्हणाली. "फांद्या छाटल्या असत्यास तर गर्दी कमी झाली असती. पूल राहिला असता. आणि तुला बसायला खुर्ची मिळाली असती."

"हो," लायल म्हणाला. "तेही नंतर लक्षात आलं."

दोघांनाही हसायचं होतं, पण ते जमलं नाही. नदीचं पाणी पुलाच्या खांबांना लागून खळखळत होतं. रिकाम्या रस्त्यामुळे तो आवाज इतका जवळ ऐकू येत होता की वेलडाला तो नवाच वाटला.

ती उठली आणि तिने गाडीतून एक नवी पाटी उचलून घेतली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ती जड होती.

"चढ," ती म्हणाली.

"हंगाम?"

"चढ म्हणते ना. आणि एक्झिटवर पोचलास की माझी पिकअप ढकलून बाजूला लाव. ढकलायचीही गरज नाही. चावी सीटखाली आहे, चालू होते ती."

लायल चढला. तिने शिडी दोन्ही हातांनी धरली. बोल्ट निघाले, लूप खाली आली, स्पर वर गेली. दोन्ही पाट्यांचा रंग एकच, आकार एकच. धावत्या गाडीतून बघणाऱ्याला फरक कळलाही नसता. काम झाल्यावर त्याने सवयीने पाटी थोपटली आणि खाली आला.

"आत ये," वेलडा म्हणाली. "आज सगळ्या खुर्च्या तुझ्याच आहेत."

"अजून बाजारातल्या लावायच्यात. चर्चपाशी एक, बँकेपाशी एक." तो शिडी मिटत होता. "शुक्रवारी माझा शेवटचा दिवस आहे."

"निवृत्त होतोयस?"

"हो. शनिवारी मिनेसोटाला जातोय, बहिणीकडे. घर गेलं माझं, एका शिक्षकाने घेतलं."

"कधी ठरलं?"

"बर्फ वितळलं तेव्हा."

"बोलला नाहीस."

"नाही."

वेलडाने हात ॲप्रनला पुसले. हात स्वच्छच होते.

"मग शनिवारी जाताना इकडून जा," ती म्हणाली. "रोल बांधून देते. नदी ओलांडून हायवेला लागेपर्यंत गरम—"

ती थांबली. लायलने पुलाकडे पाहिलं नाही, वेलडानेही नाही.

"इकडून आता जाता येत नाही," ती म्हणाली.

"नाही."

"इकडे यायचं तर इकडेच यावं लागेल."

लायलने शिडी गाडीत सरकवली आणि दोरी आवळली. गाठ बसली होती तरी ती पुन्हा सोडून नव्याने बांधली. इतक्या वर्षांत तो या दारात जवळजवळ रोज थांबला होता, पण प्रत्येक वेळी जाता जाता. पुढे कुठेतरी एखादी पाटी वाकलेली असायची, रंग उडालेला असायचा आणि वाट इथूनच जायची. मुद्दाम असा तो एकदाही आला नव्हता.

"येशील?" वेलडाने विचारलं.

त्याने टोपी डोक्यावर चढवली.

"बघतो," तो म्हणाला.