झालं का बोलणं?

लेकीला आत नेऊन बराच वेळ झाला होता, आणि बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या आईला आपल्याच हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. पदराचं टोक पिळून झालं, चष्मा पुसून झाला, पुसलेला चष्मा परत पुसून झाला.

दुपारच्या उजेडात प्रसूतिगृहाचा तो बोळ अगदी साधासुधा दिसत होता. भिंतीला खांद्याच्या उंचीपर्यंत हिरवट तैलरंग, वर चुना. एका रांगेत लोखंडी बाक. टोकाला दोन फळ्यांचं दार, त्याच्या काचा आतून पांढऱ्या रंगवलेल्या. दाराशेजारी भिंतीवर एक फोन, आकडेच नसलेला. आतून सिस्टरने फोन करायचा, जवळ असेल त्याने उचलायचा आणि ज्याचं माणूस आत असेल त्याला हाक मारायची, अशी इथली रीत. सकाळपासून ते काम आपसूक आईकडे आलं होतं. पहिल्यांदा फोन वाजला तेव्हा बाकीचे एकमेकांची तोंडं बघत बसले. हिचा हात मात्र पहिली घंटा संपायच्या आत फोनवर होता. "बोला," ती अशा काही आवाजात म्हणाली की शेजारी पेंगणारे आजोबा ताठ बसले.

"मावशी, तुम्ही इथेच कामाला का?" बाप होऊ घातलेल्या एकाने विचारलं.

"छे रे बाबा. पण जन्मभर हेच केलं. हॅलो, हॅलो."

ती एका कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर होती. तिथे तिला सगळे हॅलोबाईच म्हणत.

मघाशी आत जाताना लेकीने तिचा हात घट्ट धरला होता. लेक कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. रडणं हा तिचा प्रांत नव्हे. दोन कळांच्या मध्ये दम घेत ती म्हणाली होती, "आई, ती कळेची गोष्ट सांग ना. माझ्या वेळची."

"हजारदा ऐकलीयस."

"एक हजार एक. तेवढीच करमणूक."

मग आईने सांगितली होती. घरात ती गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती. आई पोटुशी, दिवस भरत आलेले, तरी बोर्डावर बसलेली. बोर्डावरची एक कळ, म्हणजे बोलण्यासाठी पुढे ढकलायचा तो खटका, बिघडलेली. अशात घरून सासूबाईंचा फोन. "कळ आली का गं?" सूनबाई म्हणतात, "आली, पण मधेच अडकते." सासूबाई घाबऱ्या. "अगं मग कुणाला बोलावलंस की नाही?" "बोलावलंय ना मिस्त्रींना. म्हणाले, तेल घालून बघतो."

इथे सगळे हसत. जावईही हसला. लेक हसता हसता कळवळली आणि सिस्टरने तिला आत नेलं. जावई तिच्यासोबत गेला, कारण एकालाच परवानगी होती.

गोष्ट खरीच होती. फक्त सासूबाईंनी त्या दिवशी फोन केलाच नव्हता.

तो रंगाचा कारखाना होता. बोर्डाची खोली फाटकाजवळ. खिडकीच्या गजांवरसुद्धा निळ्या भुकटीचा थर बसायचा. बोर्ड म्हणजे एक उभं लाकडी कपाट. त्यात ओळीने भोकं, एकेका खात्याचं एकेक. प्रत्येक भोकावर पितळेची छोटी झडप. कुणी आपल्या खात्यात फोनचं हँडल फिरवलं की इथे त्याची झडप टक् करून खाली पडायची. तिला सगळे पापणी म्हणत. पापणी पडली की बोर्डापुढच्या दोरांच्या जोडीतला एक दोर त्या भोकात खोचायचा, कळ पुढे करायची, "बोला" म्हणायचं. मग त्याला हवं असेल त्या भोकात दुसरा दोर.

काम शिकवलं ते बोर्डावरच्या जुन्या, मोठ्या बाईंनी. डोळ्यांत तेल घालून बघत असत, आणि जीभ अशी की कात्री लाजेल. त्यांचा एकच नियम होता. "जोडायला गाढवही शिकेल. तोडायला अक्कल लागते. 'झालं का बोलणं?' विचारल्याशिवाय दोर काढायचा नाही. आणि विचारून झाल्यावर काढल्याशिवाय उठायचं नाही. नाहीतर ती दोन माणसं तशीच राहतात, एकमेकांना बांधलेली."

अगदी खालच्या ओळीत शेवटची एक पापणी होती. जुनं पॅकिंग खातं. ते खातं कुलूप लावून बंद होतं, आणि तिथल्या तारा मिस्त्रींनी केव्हाच गुंडाळून नेल्या होत्या. त्या पापणीवर कधी बोटही लागायचं नाही, म्हणून तिचं पितळ काळं पडलं होतं.

त्या दिवशी मोठ्या बाई जेवायला गेल्या आणि ती पापणी पडली.

हॅलोबाईने सवयीने दोर खोचला. कळ सकाळपासूनच बिघडलेली; पुढे केली तर ती पुढेच अडकून बसली. "बोला."

आधी नुसती गुणगुण. मग बाईचा आवाज, धाप लागलेला, पण ओळखीच्या माणसाशी बोलावं तसा.

"कळ आली का?"

तिला वाटलं, मिस्त्रींच्या खोलीतून कुणी दुरुस्तीचं विचारतंय. "आली हो, पण मधेच अडकते."

"माझीही. कुणाला बोलावलंस का?"

"मिस्त्रींना. येतो म्हणालेत."

"मलाही म्हणाले होते, येतो." बाई थांबली. पाठीमागे कुठेतरी घर्र घर्र असा आवाज येत होता, हँडल फिरवतात तसा. ती बोलत होती तरी हँडल फिरतच होतं. "मला प्रसूतिगृह जोडून दे गं. आता निभत नाही."

तेव्हा कुठे हॅलोबाईच्या लक्षात आलं की आपण एका कळेबद्दल बोलतोय आणि बाई दुसऱ्याच. तिने घाईने दुसरा दोर बाहेरच्या लाइनीत खोचला, प्रसूतिगृहाला फोन लावला. रिंग जाऊ लागली. "धरून ठेवा हं बाई. उचलतील इतक्यात."

"तू आहेस ना लाइनवर?"

"आहे ना."

आणि तिच्या कमरेतून एक लाट निघाली ती पोटाशी येऊन घट्ट आवळली. स्टुलावरून ती उठली तर पायांवर कोमट पाणी. पुढचं सगळं गडबडीचं: मोठ्या बाई हात न पुसताच धावत आल्या, कुणीतरी कारखान्याची गाडी काढली, कुणीतरी नवऱ्याला निरोप धाडला. गाडीत बसताना तिने एकदाच मागे वळून पाहिलं होतं. खिडकीच्या गजांतून बोर्ड दिसत होता, आणि दोन भोकांमध्ये लोंबणारा तो दोर.

तिचं बाळंतपण अडलं. दिवस मावळला तरी काही पुढे सरकेना. हेच प्रसूतिगृह, तेव्हा भिंती पिवळ्या होत्या. दर कळेआधी तिला घर्र घर्र ऐकू यायचं, मग कळ यायची, मग कानाशी तेच, "तू आहेस ना?" ती आहे म्हणायची. सिस्टरला वाटे, बाई देवाला उत्तर देतेय. शेवटी डॉक्टरांनी चिमटा लावून लेकीला ओढून काढलं. लेकीच्या कपाळावर त्याची खूण अजून आहे.

मोठ्या बाई बाळाला बघायला आल्या तेव्हा तिने विचारलं होतं, "जुन्या पॅकिंगात कोण होतं?"

मोठ्या बाईंचा चेहरा एकदम लहान झाला. "तुला कुणी सांगितलं? माझ्या आधीची गोष्ट ती. होती एक. तिथे एकटीच काम करत होती, अडली. हँडल फिरवत राहिली. बोर्डावर तेव्हा कुणी नव्हतं म्हणे."

"मग?"

"मग काय. सुटली."

बाळंत झालेल्या बाईलाही सुटली म्हणतात आणि मेलेल्या बाईलाही. यातली कुठली, हे विचारायचा तिला धीर झाला नाही.

रजेवरून परतली तोवर जुना बोर्ड भंगारात गेला होता आणि जागी बटणांची चकचकीत पेटी आली होती. "दोर काढला होता का कुणी?" तिने विचारलं. मिस्त्री हसले. "हॅलोबाई, अख्खा बोर्डच गेला, दोराचं काय घेऊन बसलात!" पण त्या दिवसापासून कुठलाही फोन कानाला लावला की आधी एक क्षण तिला ती गुणगुण ऐकू येई, आणि गुणगुणीच्या तळाशी कुणाचा तरी श्वास. एकदा तिने लेकीला त्याबद्दल विचारलंही होतं. "दोन तारा शेजारून गेल्या की एकीतलं थोडंसं दुसरीत उतरतं, आई," लेक म्हणाली होती. "साधी गोष्ट आहे." लेकीच्या तोंडून ऐकलं की सगळंच साधं वाटे.

भिंतीवरचा फोन वाजला. आई दचकली.

"बोला."

सिस्टरच होती. "मावशी, तुम्हीच आहात ते बरं झालं. बाळ अडलंय. खालीच सरकेना, आणि ठोके मधेच मंदावतायत. डॉक्टरीणबाई आणखी थोडी वाट बघतील, नाहीतर पोट उघडतील. घाबरू नका."

"शुद्धीवर आहे ना ती?"

"आहे, पण काहीतरी बरळतेय. दर कळेला म्हणते, 'आहे, आहे.' कुणाला म्हणते, देव जाणे."

फोन जागेवर ठेवून ती तिथेच, भिंतीला टेकून उभी राहिली. दोर काढलाच नव्हता. एक टोक कुलूपबंद खात्यात, आणि दुसरं टोक या इथे.

फोन पुन्हा वाजला. तिने बाकाकडे पाहिलं. आजोबा पेंगत होते. होऊ घातलेला बाप नखं खात होता.

"वाजतोय ना रे?"

"काय, मावशी?"

"फोन."

त्याने फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि आवाज मऊ केला. "नाही वाजत. बसा तुम्ही जरा. पाणी आणू का?"

तिने फोन उचलला. घर्र घर्र. गुणगुण. श्वास.

"केव्हाची रिंग जातेय," बाई म्हणाली. आवाज जराही म्हातारा झालेला नव्हता. "कुणी उचलतच नाही. तू आहेस ना लाइनवर?"

आहे म्हणायला आईने तोंड उघडलं, तसंच मिटलं. लेकीच्या वेळी दर कळेला तिने या प्रश्नाला हेच एक उत्तर दिलं होतं, आणि आता आत तिची लेक तेच देत होती. बाईने हॅलोबाईला मागितलंच नव्हतं. तिने प्रसूतिगृह मागितलं होतं. आणि आज या बोळात, या फोनवर, उचलणारं कुणी असेल तर ती आपणच.

तिने घसा साफ केला. पाठ सरळ केली.

"प्रसूतिगृह. बोला."

पलीकडे हँडल थांबलं.

"लागला?" बाई अगदी हळू म्हणाली. "लागला का फोन?"

"लागला. बोला बाई, काय होतंय?"

"कळा येतायत हो. सारख्या. थांबतच नाहीत. मी एकटीच आहे, दाराला बाहेरून कडी आहे. येऊ का मी?"

"या. दार उघडं आहे. कोपऱ्यातली खाट रिकामी आहे, तिच्यावर पडा. सिस्टर बघतील तुमच्याकडे."

"रागावणार नाही ना कुणी? उशीर झालाय मला."

"कुणी नाही रागावणार. या तुम्ही."

बाई रडत होती की हसत होती ते कळेना. होऊ घातलेला बाप उभा राहून आ वासून बघत होता. आईने त्याच्याकडे पाठ केली, तोंडाभोवती हाताचा आडोसा केला, आणि जो प्रश्न विचारायचा राहिला होता तो विचारला.

"झालं का बोलणं?"

तिने फोन कानाशी आणखी घट्ट दाबला. तिच्या पाठीवरून घामाची धार उतरली. आणि मग,

"झालं गं."

आईने फोन अडकवायचा खटका बोटाने दाबला. नुसता नाही दाबला. जुन्या काळी दोर ओढत तसा मनगटाला हिसडा दिला. लाइन मेली. फोन पुन्हा कानाला लावून तिने ऐकलं. गुणगुण नव्हती. श्वास नव्हता. इतकी स्वच्छ शांतता तिने फोनमध्ये कितीतरी वर्षांत ऐकली नव्हती.

पांढऱ्या काचेमागून एक सावली सरकत गेली, भिंतीचा आधार घेत, कमरेवर हात ठेवून. बोळातला उजेड होता तसाच होता.

फोन वाजला. या वेळी आजोबाही जागे झाले.

"मावशी, सुटली!" सिस्टर ओरडली.

"कोण?" आईच्या तोंडून निघून गेलं.

"कोण म्हणजे? तुमचीच लेक! एकाएकी असं काही सरकलं बाळ, की डॉक्टरीणबाईंना हातमोजे बदलायलाही सवड मिळाली नाही. मुलगी झालीये. दोघी ठणठणीत."

आईने भिंत धरली. डोळ्यांतलं पाणी थेट हनुवटीवर आलं.

"आणि मावशी," सिस्टरने आवाज खाली आणला, "तुम्ही आत कुणाला सोडलंत का? कोपऱ्यातली खाट आज रिकामी आहे. पण चादर चुरगळलीये, आणि हात लावला तर गरम. आणि तिच्यावर सगळी निळी भुकटी."

"कुणी नाही हो," आई म्हणाली. "झटकून टाका."

"बरं."

सिस्टर फोन ठेवणार एवढ्यात आई घाईने म्हणाली, "थांबा. झालं का तुमचं बोलणं?"

"अहो, झालं की!" सिस्टर हसली.

मगच आईने फोन जागेवर ठेवला.