हिरवं छप्पर

"अहो, पाऊस दरवर्षी धुतोच की छप्पर. त्याला आणखी वेगळा माणूस कशाला लावायचा?"

फाटकाच्या आत उभ्या असलेल्या साहेबांनी हे अशा थाटात विचारलं, की जणू हा प्रश्न जगात पहिल्यांदा त्यांनाच सुचला होता. वकीलीणबाईंनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. या आठवड्यातला हा सहावा. तोंडावर मात्र त्यांनी हसू आणलं, पाहुण्यांसाठी ठेवणीतली चादर काढावी तसं.

"साहेब, नुसत्या पाण्याने मळ गेला असता तर साबणाचे कारखाने कधीच बंद पडले असते. शेवाळ पावसावरच तर वाढतं. तुम्ही ज्याला धोबी समजताय ना, तोच त्याला जेवू घालतोय."

साहेबांनी मान वर करून आपल्या छपराकडे पाहिलं. सिमेंटच्या पत्र्यांचं ते लांबरुंद छप्पर पार हिरवं झालं होतं. वीस वर्षं त्याच्याखाली झोपलेल्या माणसाने ते बहुधा आजच पाहिलं असावं.

वकीलीणबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कोर्टाची पायरी त्या जन्मात चढल्या नव्हत्या. छपरं धुण्याचा धंदा नवऱ्याचा. पण गिऱ्हाइकाशी बोलायचं काम त्यांचं. त्यांचा तो सपाटा बघून रंगाच्या दुकानदाराने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

सुरुवातीला नवरा स्वतःच बोलायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, महाग आहे. हा म्हणायचा, हो, आहे खरं. गिऱ्हाईक म्हणायचं, पुढच्या वर्षी बघू. हा म्हणायचा, चालेल. एकदा कोणीतरी विचारलं, धुतल्याने पत्रे खराब होतात म्हणे? तर या महाशयांनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "होतात कधी कधी." त्या वर्षी शिडीला गंज चढला. मग एका सकाळी वकीलीणबाईंनी त्याच्या खिशातून फोन काढून घेतला तो कायमचा. तेव्हापासून तो वर, त्या खाली, असं चाललं होतं.

आणि खाली उभं राहून राहून त्यांना माणसांचा वीट आला होता. 'विचार करून सांगतो' म्हणणारा, ज्याच्या सात पिढ्यांत कोणी विचार केलेला दिसत नसे. 'यांना विचारावं लागेल' म्हणणारी बाई, आणि तिचे हे आले की 'हिला विचारावं लागेल' म्हणणारे ते हे. स्वतःच्या डोक्यावर काय आहे हे बघायला ज्यांना कधी फुरसत झाली नाही, ते पाच मिनिटांत छपरांचे पंडित होत. वकीलीणबाई सगळ्यांना गोड बोलून उत्तरं देत आणि टेम्पोत बसल्यावर एकेकाची नक्कल करत. नवरा हसायचा नाही. म्हणायचा, "अगं, विचारणारच ना माणूस." त्यावर त्या खिडकीबाहेर बघत. थोडी तुच्छता त्या त्याच्यासाठीही राखून ठेवत.

"तो फवारेवाला एका दिवसात करून देतो म्हणाला," साहेबांनी पुढचं अस्त्र काढलं. "तुमच्यापेक्षा कितीतरी कमीत."

फवारेवाला म्हणजे गावातला दुसरा धुणारा. मोठी मोटर लावून लांबूनच ऐकू येईल असा पाण्याचा मारा करायचा. गेल्या वर्षभरात त्याने वकीलीणबाईंची बरीच गिऱ्हाइकं ओढली होती.

"तो छप्पर धूत नाही साहेब, छपराला मारतो. मार खाल्लेलं पोर तेवढ्यापुरतं गप्प बसतं, तसं ते छप्पर तेवढ्यापुरतं स्वच्छ दिसतं."

साहेब हसले. साहेब हसले की अर्धी लढाई जिंकली, हे वकीलीणबाईंना पाठ होतं. आणखी दहा मिनिटांत त्यांनी उरलेली अर्धीही जिंकली. अट एकच राहिली. काम शनिवारी एका दिवसात व्हायला हवं. रविवारी काही माणसं घर बघायला यायची होती. साहेबांना घर विकायचं होतं.

'म्हणजे वीस वर्षं बघायचं नाही आणि दुसऱ्याच्या गळ्यात बांधायच्या आधी तोंड धुवायचं,' वकीलीणबाईंच्या मनात आलं. त्या म्हणाल्या, "शनिवारी संध्याकाळी चहा प्यायला अंगणात बसा आणि वर बघा. झालेलं असेल."

नवऱ्याने एव्हाना शिडी लावली होती, पण तो चढला नव्हता. तो जवळ आला आणि म्हणाला, "साहेब, जरा आत जाऊन बघू का? खालून?"

"छप्पर वर आहे," साहेब म्हणाले.

"हो. पण ते कशावर आहे ते खालून दिसतं."

तो आत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा केसांत जाळी-जळमटं होती आणि बोटांच्या चिमटीत लाकडाचा भुसा.

"मधल्या दालनावरचे वासे किडलेत. पत्रे दमलेत. आणि उजेडासाठी चार ठिकाणी प्लास्टिकचे पत्रे बसवलेत ना, त्यांच्यावर शेवाळ चढलंय. वरून सगळं सारखंच हिरवं दिसतं. पाय पडला की माणूस खाली. आधी तेवढा भाग बदलायला हवा, मग धुवायचं. आठवडा लागेल."

"वीस वर्षं उभं आहे ते," साहेब म्हणाले.

"उभं आहे. पण त्याच्यावर कोणी उभं राहिलेलं नाही."

वकीलीणबाईंनी तासभर एकेक शंका निवडून काढली आणि या माणसाने ताटात खडाच टाकला. त्या दात आवळून म्हणाल्या, "अहो, फळ्या टाकून होईल की."

"फळी कशावर टाकू?" त्याने शांतपणे विचारलं.

साहेबांचा चेहरा बदलला. "मी धुवायला बोलावलंय, घर बांधायला नाही. राहू दे. त्या फवारेवाल्याला सांगतो."

"सांगा," नवरा म्हणाला. "पण त्याला म्हणावं, आधी आतून बघ. मधल्या दालनावर चढू नको."

"सांगतो, सांगतो," म्हणत साहेबांनी फाटक लावून घेतलं. दारातल्या फेरीवाल्याला 'उद्या ये' म्हणावं, तेवढंच वजन होतं त्या शब्दांना.

टेम्पोत वकीलीणबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. हातातोंडाशी आलेलं काम. तुमच्यासारखा हरिश्चंद्र मिळायला मागच्या जन्मी काय केलं होतं मी! नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू त्या फवारेवाल्याला फोन कर. साहेब सांगणार नाहीत."

"मी? आपली गिऱ्हाइकं पळवणाऱ्याला मी फोन करू? आणि वर सांगू, बाबा रे, सांभाळून पळव?"

"कर गं. तुला बोलता येतं."

दुसऱ्या दिवशी हात पुसता पुसता त्याने विचारलं, "केलास का फोन?"

"केला," वकीलीणबाई म्हणाल्या.

त्याने मान डोलावली. त्याला जे सांगितलं जाई ते तो खरं मानत असे. तीही त्यांच्या लेखी त्याची एक खोटच होती. फोन करायचा नाही असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. नंबर काढून दोनदा हातात धरला होता. पण फवारेवाला हसून 'घाबरलात काय वहिनी?' म्हणेल, हे त्यांना आधीच ऐकू आलं. त्याच्यापुढे कमीपणा कोण घेणार? शिवाय साहेब सांगणारच होते.

शनिवारी दुपारी साहेबांचा फोन आला.

"अर्धं धुऊन झालंय," ते घाईने म्हणाले. "उरलेलं तुम्ही करून टाका. मधे जरा भोक पडलंय, तेवढं सोडा. त्याच्यावर मी ताडपत्री टाकून घेतो."

वकीलीणबाईंनी विचारलं, "आणि तो?"

"नेलं त्याला इस्पितळात. अहो, थेट दालनात पडला. उद्या माणसं यायची आहेत आणि सगळी फरशी चिखलाने माखलीय. शुद्धीवर होता म्हणा."

"तुम्ही त्याला सांगितलं होतंत? आतून बघ म्हणून?"

 साहेब चिडले. "त्याचं काम त्याला कळायला नको? आणि सांगितलं असतं तर आला असता का तो? तुमचे हे आले का कामाला?"

याच्याइतका हलका माणूस आपण आजवर पाहिला नाही, असं वकीलीणबाई म्हणणार होत्या. जिभेवर आलं होतं. पण याने जे केलं, त्याहून आपण वेगळं काय केलं, हा विचार त्याच्या आधी आला. त्यांनी फोन बंद केला.

नवरा शिडीची पायरी आवळत होता. वकीलीणबाईंकडून त्याने झालेलं ऐकलं, पाना खाली ठेवला आणि सदरा बदलून आला. टेम्पोत बसल्यावर त्या म्हणाल्या, "मी फोन केला नव्हता."

त्याने गाडी सुरू केली. पुढच्या चौकात लाल दिव्याला थांबला. हिरवा लागला तरी त्याचं लक्ष नव्हतं. मागच्याने भोंगा वाजवला तेव्हा तो निघाला.  त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर वकीलीणबाईंना बरं वाटलं असतं. शिव्यांना त्यांच्याकडे उत्तर होतं.

इस्पितळात फवारेवाल्याच्या कमरेचं हाड मोडल्याचं कळलं. चालता येईल, डॉक्टर म्हणाले होते, पण पुन्हा छपरावर नाही. नवरा आत गेला आणि खाटेशेजारी उभा राहिला. वकीलीणबाईंचा पाय उंबऱ्यातून पुढे जाईना. बाहेर बाकावर फवारेवाल्याची बायको बसली होती. किरकोळ बाई, त्यांच्यापेक्षा चार-सहा वर्षांनी लहान. हातात नवऱ्याचा फोन.

"तुम्ही छपरं धुणाऱ्या वहिनी ना?" ती म्हणाली. "हे तुमचं नाव काढतात. म्हणतात, त्यांच्यासारखं बोलायला शीक जरा."

वकीलीणबाई तिच्या शेजारी बसल्या. "आम्ही ते छप्पर बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "आतून कुजलंय हे मला माहीत होतं. यांनी मला फोन करायला सांगितला होता. मी नाही केला."

त्या बाईने त्यांच्याकडे पाहिलं. ती काही बोलणार, एवढ्यात फोन वाजला. तिने सवयीने तो कानाला लावला.

"हो... नाही हो, उद्या नाही जमणार... नाही, ते... पडलेत ते. हो, ठरलं होतं, मला माहितीय. माफ करा. चुकलं आमचं..."

पलीकडचा आवाज बाकाच्या टोकापर्यंत येत होता. आम्ही सामान हलवून ठेवलंय. ही काय पद्धत झाली? असा कसा पडतो माणूस?

वकीलीणबाईंनी हात पुढे केला. बाईने काहीच न समजून फोन दिला.

"बोला," वकीलीणबाई म्हणाल्या. "हो, त्यांच्याकडचीच. मी काय सांगते ते ऐका. माणूस पडला आहे आणि त्याची बायको तुमची माफी मागत्येय. ती मी परत घेते... काम होईल. पुढच्या आठवड्यात दुसरा माणूस येईल, पण काम त्यांच्याच नावावर होईल, पैसेही त्यांनाच. ठरलंय तेच, एक पै इकडे नाही की तिकडे नाही. आणि तो आधी आतून बघेल. धोका असेल तर चढणार नाही... नाही पटत? मग शिडी लावा आणि चढा स्वतः. आमची काही हरकत नाही."

 पलीकडचा आवाज पुष्कळ खाली येऊन म्हणाला, "बुधवारी चालेल."

"बुधवारी," वकीलीणबाई म्हणाल्या. दारातून नवरा त्यांच्याकडे बघत होता. त्याने बहुतेक सगळं ऐकलं असावं. त्याने मान हलवली आणि पुन्हा खाटेकडे वळला.

"अजून कुणाकुणाचं ठरलंय?" वकीलीणबाईंनी विचारलं.

"सहा जणांचं." बाई म्हणाली. मघाचं जे बोलायचं होतं ते ती बोलली नाही, विसरलीही नसावी. "त्यातला एक फार वाईट बोलतो."

"त्याचाच नंबर आधी सांगा."

बाईने नंबर सांगितला आणि सकाळपासून पहिल्यांदाच पाठ भिंतीला टेकली. पाय पुढे पसरले. तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.