लख्ख दगड

किटवे शहरातल्या प्रयोगशाळेत कासुबाने टेबलावरचे दगड एकेक उलटून पाहिले. ते लख्ख होते.

"आधी राखेनं घासले, मग वाळूनं," म्हातारी मुलेंगा सांगत होती. "शिकल्यासवरल्या माणसापुढं घाण ठेवायची होय? सून म्हणाली, राहू दे तसेच. तिला कुठलं वळण!"

"धुतले कुठं, बामायो?" कासुबाने आईला विचारावं तसं विचारलं.

"ओढ्यावर. किटवेच्या बाजारात नेऊन धुवू का?"

वर खाण सुरू झाली आणि तिच्या गावचा ओढा मेला. आधी तो जिवंत होता, हे दाखवा, असं खाणवाले म्हणत. दाखवायला एकच गोष्ट उरली होती. मुलेंगाच्या नवऱ्याचे मासे धरायचे पिंजरे खाणीच्या आधीपासून छपराला टांगलेले होते, आणि त्यांना वजनासाठी बांधलेल्या दगडांवर तेव्हाचं शेवाळ वाळून बसलं होतं. त्यात डायटम असतात, डोळ्यांना न दिसणारे, काचेच्या कवचाचे जीव. जीव जातो, कवच राहतं, आणि कुठलं कवच कसल्या पाण्यातलं, हे कासुबा सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचा. पिंजऱ्याचे दगड आणा, एवढं त्याने सांगितलं. धुवू नका, हे सांगायचं राहिलं. त्याची स्वतःची आई शेजारणीचं भांडं कधी घासल्याशिवाय परत करत नसे. त्याला हे सुचायला हवं होतं.

तरी त्याने आशा सोडली नाही. दगडांच्या खाचांतून टूथब्रशने निघेल तेवढं काढलं, ॲसिडमध्ये उकळलं, गाळ बसू देत चार दिवस पाणी बदललं, मग थेंब काचेवर वाळवला.

कवचं शेकड्यांनी दिसली. सगळी एकाच जातीची, खाणीच्या आंबट पाण्यात माजणारी. आजचाच ओढा खाचांत शिरून बसला होता. हे कागदावर गेलं तर खाणवाले म्हणणार, बघा, ओढा पहिल्यापासून असाच! कासुबाला रडू फुटायचंच बाकी होतं.

पाचव्या दिवशी मुलेंगा शेंगा घेऊन हजर.

"आणखी पिंजरे आहेत का, बामायो?"

"चुलीत घातले की. दगड सोडवून घेतल्यावर त्यांचं काय लोणचं घालायचं?" ती जवळ सरकली. "पण पोरा, खरं सांग. दगडांना नाव ठेवायला जागा नव्हती ना?"

"नाही, बामायो. कणभर काही राहिलं नव्हतं."

म्हातारी खूश झाली. तिने शेंगा त्याच्या ओंजळीत ओतल्या. त्याही धुतलेल्या होत्या.