थैलीतले टपोरे कंद

"जुना कंद आटला, नवा कंद भरला,
आईचा गं जीव लेकीमधी उरला..."

रानात आमरीचं रोप उकरून दाखवताना आई हे गुणगुणायची. तिचा तो आवाज रानराख्याला आज भर सभागृहात ऐकू आला आणि त्याची मान खाली गेली.

गर्दीत मुंगीला वाट नव्हती. समोर पाण्यानं भरलेलं पितळी घंगाळ, त्यामागे कंदबाबा.

"कंद खोटं बोलत नाही, बाळांनो! तरंगला तर रोग वर, बुडाला तर रोग तळाला!"

बाबांनी थैलीत चाचपून एक कंद काढला, पाण्यात सोडला. डुबुक! टाळ्यांनी छत हाललं.

"पोरीचा क्षय बुडाला! आता गोळ्या कशाला? बुडालेल्याला पुन्हा कोण बुडवतं?"

रानराख्याच्या दाजींनी लेकीच्या गोळ्या खिशातून काढल्या. पोर तोंडाशी ओढणी धरून खोकत होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या आईनं, रानराख्याच्या आक्कानं, याच घंगाळात गोळ्या सोडल्या होत्या. सहा महिन्यांत ती गेली.

"दाजी, थांबा!" रानराख्या पुढे झाला.

"आला मोठा शहाणा! झाडं राख जा," कुणीतरी खिदळलं.

रानराख्यानं पिशवीतून मातीसकट आमरी काढली. नखाएवढी पांढरी फुलं, मुळाशी दोन कंद. दोन्ही तोडून त्यानं पाण्यात टाकले. सुरकुतलेला तरंगला, टपोरा तळाला गेला.

"एकाच रोपाचे आहेत. आता सांगा, रोप जगलं की मेलं?"

त्यानं दोन्ही कंद बाहेर काढून तळहातावर धरले.

"जुना कंद फुलं पोसून रिकामा होतो, तो तरंगतो. नवा पुढच्या सालासाठी भरतो, तो बुडतो. बाबा चाचपून हवा तो काढतात. पाण्यात कंदाचं वजन कळतं, छातीतलं दुखणं नाही. ते दवाखान्यात कळतं."

"रानाचा शाप लागेल तुला!" बाबा गरजले.

"कुठलं रान? जुन्या पाचोळ्यातल्या बुरशीवाचून आमरीचं बी रुजत नाही. कंदांपायी तो पाचोळाच उपसला. सावलीत पांढरा सडा असायचा, तिथं आता खड्डे आहेत. हे शेवटचं रोप होतं."

भाचीनं बापाच्या मुठीतून गोळ्या काढून घेतल्या. दाजी मेव्हण्याकडे वळले.

"तुला ठाऊक होतं? मग आक्काच्या वेळी तोंड का शिवलं होतंस?"

"बाबा मला 'रानाचा राजा' म्हणून पुढं बसवायचे. एरवी मला कोण ओळखतं? ते खड्डे माझेच, दाजी. आणि आक्का आली त्या दिवशी थैलीत मी नुसते टपोरेच भरले होते... तिला धीर यावा म्हणून."