तक्त्यातला पुढचा आकडा

“देवमाशांच्या कळपातला कुठला मारायचा, ते कोण ठरवतं?”

चिहारू तशी कुणाच्या बापाला घाबरणारी नव्हती. पण आज फळ्यासमोर तिचाच बाप उभा होता. रिसा आणि मायुका या मैत्रिणींनी पैज लावली होती, विचारून दाखव, शुक्रवारी शाळेच्या जेवणात येणारे देवमाशाचे तळलेले तुकडे आमच्याही ताटातले तुला. जिंकल्याच्या आनंदात तिनं मागं वळून दोघींकडे भुवया उडवल्या, त्यामुळं बाबाचा चेहरा क्षणभर कसा झाला ते तिला दिसलंच नाही.

कात्सुनोरी ओइकावा संशोधनाच्या जहाजावर मदतनीस होता. दर हिवाळ्यात दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रात जायचा आणि वसंतात अंगाला तेलाचा वास घेऊन परतायचा. मार्चमध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं देवमाशांची ही शिकार थांबवायला सांगितली, तेव्हापासून येत्या हिवाळ्यात त्यानं काय करायचं, ते त्याला कुणी सांगत नव्हतं. बाईंनी आग्रह केला म्हणून तो मुलांना आपलं काम सांगायला आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

“कुणीच ठरवत नाही,” तो म्हणाला. “भाला डागणाऱ्या तोफवाल्यावर सोडलं तर तो मोठाच धरणार. मग अभ्यासही मोठ्यांचाच होणार. म्हणून उजवीकडून मोजायचं, एक, दोन, तीन. माझ्याकडे एक तक्ता असतो, त्यात आकडे कसेही विखुरलेले. पुढचा आकडा मी मोठ्यानं वाचतो. मग तोच.”

“म्हणजे सोडतच की,” मागच्या बाकावरून शुंतारो म्हणाला. “फक्त न लागणाऱ्याला बक्षीस.”

वर्ग खदखदला. बाबाही हसला.

“जिवंत ठेवून अभ्यास होत नाही का?” हे पैजेत नव्हतं, पण चिहारूची जीभ एकदा सुटली की सुटली.

“वय कळायला त्याच्या कानातला मळ लागतो. झाडाच्या खोडात वलयं असतात ना, तसे त्यात थर असतात. जिवंतपणी कान कोण देईल?” बाबानं खडू उगाच हातात फिरवला. “कोर्टाचं म्हणणं, अभ्यास आहे खरा; पण एवढे मारलेत, त्या मानानं शिकलात काय? मला अजून उत्तर सुचलेलं नाही.”

आता कुणी हसलं नाही.

दोघं धक्क्यावरून घरी निघाले. चिहारूच्या खिशात एक घडी घातलेली चिठ्ठी होती. पुढच्या वर्षी रिसाबरोबर इथल्याच शाळेत जायचं, की सेंदाई शहरातल्या विज्ञानाच्या शाळेत, वसतिगृहात राहून? डोकं पिकल्यावर तिनं काल दोन चिठ्ठ्या लिहून, डोळे मिटून एक उचलली होती. रात्री जेवताना सगळ्यांसमोर उघडायची होती. आईला ती जवळ हवी होती. त्सुनामीची ती मोठी लाट येऊन गेल्यापासून तर फारच.

चिठ्ठी चाचपता चाचपता तिला देऊळ आठवलं. नव्या वर्षाला सगळं गाव नशिबाची चिठ्ठी काढायचं आणि बाबा बाजूला उभा राहून म्हणायचा, “माझीपण तूच काढ गं.” बाजारातल्या सोडतीचं चक्रसुद्धा तो तिलाच फिरवायला द्यायचा. आई त्याला आळशी म्हणून चिडवायची.

“बाबा, त्या तक्त्यामुळंच तू चिठ्ठी काढत नाहीस?”

बाबानं चाल मंदावली.

“एकदा समोर दोनच माद्या होत्या. आकडा आला एक. डेकवर घेतली, तर पोटात पिल्लू. एवढं.” त्यानं दोन्ही तळवे समोर धरले, मध्ये एखादं मांजर मावलं असतं. “तेही मोजायचं असतं. आधी हात गरम पाण्यात धरले आणि मग उचललं. उगाचच. त्याला काय कळणार होतं?”

“त्यात तुझी काय चूक?”

“तेच तर. दोष आकड्याला द्यावा म्हटलं, तर तो घेत नाही. मी देऊन बघितलाय.”

चिहारूनं त्याचा हात धरला. कितीतरी वर्षांनी. मायुकानं बघितलं असतं तर आठवडाभर चिडवलं असतं. बघू दे.

रात्री आई वाट्यांमध्ये सूप ओतत होती. चिहारूनं चिठ्ठी काढली आणि घडी न मोडता बाबाच्या वाटीशेजारी ठेवली.

“आई, मी सेंदाईला जाणार.”

पळी हवेतच थांबली. “चिठ्ठीत आलं तसं?”

“उघडलीच नाही. कातडीच्या एवढ्याशा टवक्यावरून जिवंत देवमाशाचं वय कळतं का, ते मला शिकायचंय. तिथं शिकवत नसतील, तर कुठं शिकवतात ते विचारीन. आणि दर शनिवारी घरी येईन, धुवायचे कपडे घेऊन.”

आईनं बाबाकडे पाहिलं. बाबा चिठ्ठीकडे बघत होता, पण हात मांडीवरच होते.

“आणि हिच्यात इथलीच शाळा असली तर?” त्यानं हळूच विचारलं.

“असू दे. मी निवडलंय, बाबा. चुकलं तर माझं चुकलं.”