दीर्घिकेवरची काळी रेघ

मोठ्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या गटात जागा एकच होती आणि घरातून अर्ज मात्र दोन गेले होते. एक ताईचा, दुसरा शेंबडीचा. शेंबडी आता चौदा वर्षांची होती, पण ताईने ते नाव काही सुटू दिलं नव्हतं.

दोघींनी घरच्याच दुर्बिणीने आणि कॅमेऱ्याने एकच दीर्घिका टिपली. मधोमध ताऱ्यांची आडवी दांडी, तिच्या दोन्ही टोकांपासून वळत गेलेले बाहू. दोघींनी शेकडो फोटो काढून एकावर एक रचले. शेंबडीच्या फोटोत दांडीला छेदणारी एक बारीक काळी रेघ निघाली.

"ताई, धुळीचा पट्टा असेल का गं? पुस्तकात तर कुठेच नाहीये."

ताईला एका नजरेत कळलं. कॅमेऱ्याच्या काचेवर केस पडलाय. असल्या सावल्या पुसायच्या तर दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून कोरे फोटो काढून ठेवावे लागतात. ताईने आपल्यापुरते गुपचूप काढले होते.

"घारीची नजर आहे तुझी," ती म्हणाली. "परीक्षकांना हेच सांग. ठासून सांग."

"आणि ते कोरे फोटो काढतात ना, ते?"

"ते जुन्या कॅमेऱ्यांना लागतात गं."

झालं. शेंबडीचे पाय जमिनीवर ठरेनात. ताईने तिचं भाषणसुद्धा बसवून घेतलं आणि 'शोध' हा शब्द त्यात चार वेळा घातला. एकदा पुरला असता, पण मग मजा काय?

परीक्षक बाईंनी शेंबडीचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कोरे फोटो घेतलेस?"

"नाही."

"मग बाळ, तू केसाचा शोध लावलायस. अर्ज न्हाव्याकडे करायचा होतास."

खोलीभर हशा पिकला. सगळ्यात शेवटी थांबली ती ताई.

बाई तिच्याकडे वळल्या. "तुझा फोटो स्वच्छ आहे. कॅमेरा तोच ना? मग बहिणीला सांगितलं नाहीस?"

शेंबडी ताईकडेच बघत होती. तिला सगळं उमगलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

"सांगितलं होतं तिने," शेंबडी म्हणाली. "मीच ऐकलं नाही."

जागा ताईला मिळाली.

बाहेर जिन्यात ताईने विचारलं, "खोटं का बोललीस?"

"खरं बोलले असते तर तुलाही काढलं असतं. मग घरातलं कुणीच गेलं नसतं."

ताईला लाज वाटायला हवी होती. तिला आला तो राग.

"उपकार केल्याच्या गप्पा घरी मारू नकोस," ती म्हणाली. "आणि कॅमेरा आता मला लागणार. रोज."

शेंबडीने खांद्यावरची कॅमेऱ्याची पिशवी उतरवून तिच्या हातात दिली.