फुंकणीतले जंत

ताईचं पत्र येऊन सत्तावीस दिवस झाले होते, आणि ग्रंथपालांनी ते एका जाड पुस्तकात खूण म्हणून घालून ठेवलं होतं. "पुस्तक्या," तिनं लिहिलं होतं, "माझ्या कोंबड्या वाळत चालल्यात. तुरे फिके पडलेत, विष्ठेत जंत दिसतात. अकरातल्या चार गेल्या. इथे एक फुंकरबाबा आलाय, तो चोचीतून जंत काढतो म्हणतात. तू जन्मभर पुस्तकांत डोकं खुपसून बसलास, आता सांग, काय करू?"

उत्तर त्यांनी पाचदा लिहिलं आणि पाचदा फाडलं. आपण कोण मोठे लागून गेलो? आपलं चुकलं आणि पाचवी कोंबडी गेली तर? वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीही त्यांना स्वतःच्या 'हो'वर भरवसा नव्हता. शेवटी एका सकाळी, उत्तर लिहिण्यापेक्षा सोपं म्हणून, त्यांनी बस पकडली.

ताईच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. काखेत कोंबड्या घेतलेली माणसं कुंपणावरसुद्धा चढून बसली होती. मधोमध लांब झग्यातला फुंकरबाबा, एका हातात पितळी फुंकणी, समोर निखाऱ्यांची शेगडी.

"आतड्यातला जंत औषधाला भीत नाही, वाऱ्याला भितो," बाबा सांगत होता. "वारा माझ्या फुंकरीला भितो. आणि मी कुणाला भितो?"

"बायकोला," शेजारचा पाववाला कुंपणावरून म्हणाला. हशा पिकला. बाबाही हसला. त्यानं एका कोंबडीच्या चोचीला फुंकणी लावली, गाल फुगवून फुंकर मारली आणि चिमटीत एक पांढरा, वळवळता जंत वर धरला. लोकांनी नीट बघायच्या आत जंत शेगडीत पडून चर्रर्र झाला.

"चाळीस दिवस औषधाचा थेंब द्यायचा नाही," बाबानं बजावलं. "दिलात तर जंत दुपटीनं परततील."

ताईनं भावाला पाहिलं. "आलास? पत्राचं उत्तर आलं असतं तर याला दारात उभं केलं नसतं. आता ऐक, माझी कोतवालीण बघ." अंगणावर हुकूम गाजवणारी तिची ती तांबडी कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसली होती. "चाळीस दिवस ही काढेल का रे? आणि पहाटेच अंड्यातून निघालेलं पिल्लू आत ठेवलंय, त्याचं काय?"

चारचौघांत बोलायचं म्हटलं की ग्रंथपालांची जीभ टाळूला चिकटे. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, दोन शब्द लिहिले आणि ताईकडे सरकवली. ताईचा आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत पोचणारा.

"बाबा, माझा भाऊ विचारतोय, वयाची अट आहे का?"

"कसली अट? म्हातारी कोंबडी आणा, नाहीतर आजचं पिल्लू आणा."

ग्रंथपाल आत गेले. शिलाई मशीनशेजारी दिव्याखाली ठेवलेल्या खोक्यात ते पहाटेचं पिल्लू होतं. अजून दाणा नाही, मातीला पाय नाही. ते त्यांनी टोपीत घालून बाबापुढे धरलं.

बाबा क्षणभर घुटमळला. पण शंभर डोळे बघत होते. फुंकर सुटली आणि चिमटीत जंत आला, पिल्लाच्या दुप्पट लांबीचा.

मग पाववाला म्हणाला, "एवढा मोठा आत घडी घालून ठेवला होता का?"

हसण्याच्या त्या धक्क्यानं बाबाचा हात हलला, जंत शेगडीत पडायचा तो बाहेर पडला, आणि एका पांढऱ्या कोंबडीनं तो झडप घालून पळवला. दुसरीनं दुसरं टोक धरलं. दोघी दोन दिशांना, मागे झगा सावरत बाबा, त्याच्यामागे सगळी गर्दी. दोन कोंबड्यांनी जीव खाऊन ओढला तरी जंत तुटेना.

"थांबा," ताई म्हणाली. तिनं तो सोडवून घेतला, बोटांनी चोळला, शिंपिणीच्या सवयीनं पीळ उलगडला. "हा तर शिलाईचा दोरा. वर खळ लावलीय. आणि बाबा, परवा झगा शिवायला म्हणून रीळ माझ्याकडूनच नेलंत ना?"

तिनं फुंकणी हिसकावून आपटली. आतून आणखी सात 'जंत' पडले, ओलसर, गुंडाळलेले. फुंकर मारली की चिमटीत येणारे. बोटं चोळली की वळवळणारे.

ग्रंथपालांनी दुसरी चिठ्ठी दिली. ताईनं वाचली: "खऱ्या जंताला पोटात वाढायला महिना तरी लागतो. हे पिल्लू सहा तासांचं आहे." बाबा तेवढ्यात कुंपण ओलांडत होता, पण झगा खिळ्याला अडकून उसवला. शिवून द्यायला ताईनं साफ नकार दिला.

संध्याकाळी पशुवैद्यानं विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि वजनाप्रमाणे औषध दिलं. चौथ्या दिवशी कोतवालिणीनं पाववाल्याच्या मांजराला हाकललं.

"आता तरी सांग, पुढे काय करायचं," ताई म्हणाली.

"लिहून पाठवतो," असं म्हणून ग्रंथपाल तिच्याच टेबलाशी बसले. या वेळी कागद फाटला नाही.

"ताईस, विष्ठेतून जंताची अंडी मातीत पडतात आणि दाणे टिपताना पुन्हा पोटात जातात. म्हणून दाणे जमिनीवर नको, भांड्यात दे. खुराडं कोरडं ठेव, खालचा भुसा बदलत जा, चरायची जागा पालट, नवी कोंबडी आधी वेगळी ठेव. वैद्यानं सांगितलेल्या दिवशी दुसरा डोस चुकवू नकोस, आणि तो म्हणेल तितके दिवस कोंबड्यांची अंडी खाऊ नकोस. यातलं काही अडलं तर त्यालाच विचार, मी चुकू शकतो. आणि पुन्हा कुणी चमत्कार दाखवायला आलं, तर त्याच्या तोंडाकडे नको, हातांकडे बघ. पुरावा शेगडीत टाकायची ज्याला घाई आहे, त्याला आधी थांबव. उशीर झाला, माफ कर."

पाकीट घेऊन ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीकडे निघाले. ताई फाटकात उभी होती.

"अरे, चाळीस पावलांवर घर आहे माझं. हातात दे की."

"हातात दिलं तर परत मागून घेईन गं," ते म्हणाले, आणि पाकीट पेटीत पडल्याचा आवाज येईपर्यंत कान लावून उभे राहिले.